मूल शिकते तेव्हा घराने काय लिहावे?

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



१८७७ साली कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपूर येथे राहू लागले आणि त्यांचे कुटुंबही येथे आले. आगगाडी तेव्हा नागपूरपर्यंतच होती. पुढचा सारा प्रवास जंगलातून बैलगाडीने करावा लागे. त्या कुटुंबात चौदा वर्षांचा नरेंद्र होता. त्याच्या योग्यतेची शाळा त्या काळी रायपुरात नव्हती, असे चरित्रकार सांगतात. त्यामुळे सुमारे दोन वर्षे हा मुलगा घरीच, वडिलांच्या सहवासात शिकला. घरी येणाऱ्या विद्वानांची चर्चा त्याने ऐकली, वादात भाग घेतला आणि आपले मत मांडण्याची व दुसऱ्याचे ऐकून घेण्याची सवय त्याला लागली. १८७९ मध्ये तो कलकत्त्याला परतला आणि राहिलेला अभ्यास भरून काढून प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाला. पुढे स्वामी विवेकानंद म्हणून जगाने त्याला ओळखले. या शहराचा विमानतळ आणि बुढा तालाब आज त्यांचेच नाव मिरवतात.

परंतु त्या दोन वर्षांत त्या घरी नेमके काय घडले, याविषयी जे हाती आहे ते बहुतांशी नंतरच्या चरित्रांतून आणि आठवणींतून आलेले आहे. कोणत्या प्रश्नावर पिता-पुत्रांचा वाद झाला, कोणते पुस्तक अर्धवट सोडले, कोणत्या उत्तराने मुलाचे समाधान झाले नाही, हे त्या त्या दिवशी कोणी टिपून ठेवले असते, तर ती वही आज किती मोलाची ठरली असती! नरेंद्र पुढे विवेकानंद झाला म्हणून ती मोलाची ठरली असती, हे खरे. पण प्रत्येक मुलाची अशी वही निदान त्या मुलाला आणि त्याच्या कुटुंबाला तितकीच मोलाची असते. आजच्या विवेचनाचा विषय हीच वही आहे. मुलाच्या शिकण्याची नोंद घराने का ठेवावी, ती कशी लिहावी, कोणाला दाखवावी आणि कोणाला दाखवू नये, या चार प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

मुलाच्या शिकण्याचा लेखी पुरावा म्हणून बहुतेक घरांत एकच वस्तू जपून ठेवलेली असते, ती म्हणजे प्रगतिपुस्तक. कपाटातल्या पिशवीत जन्मदाखला, लसीकरणाचे कार्ड आणि प्रगतिपुस्तके एकत्र बांधलेली असतात. प्रगतिपुस्तकाला त्याचे स्थान आहे. परंतु गणितात शंभरपैकी बासष्ट गुण मिळाले एवढेच ते सांगते. मुलाला अपूर्णांक कळला तो क्षण कोणता, तो पोळीचे तुकडे करताना कळला की वहीतल्या आकृतीवरून, हे ते सांगू शकत नाही. ते मुक्कामाची नोंद ठेवते, प्रवासाची नोंद त्यात नसते. प्रवासाचा बराच भाग शाळेबाहेर, स्वयंपाकघरात, अंगणात, बाजारात आणि आजीच्या मांडीवर होतो. तिथे शिक्षक हजर नसतो. तिथला साक्षीदार घरच असते, आणि त्या साक्षीदाराने लिहिले नाही तर तो भाग कायमचा पुसला जातो.

घरात झालेल्या शिक्षणाची नोंद मराठी वाचकाला अपरिचित नाही. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ साली झाला तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी लग्नानंतर लगेच त्यांना स्वतः शिकवायला आरंभ केला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे शिकणे, त्यातही इंग्रजी शिकणे, मुळीच रुचले नाही. हा सारा वृत्तांत रमाबाईंनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात लिहून ठेवला. पाटीवरच्या पहिल्या अक्षरापासून सभेत बोलण्यापर्यंतची एका स्त्रीची वाटचाल मराठी समाजाला त्या पुस्तकामुळे कळली. विशेष हे की, येथे शिकणाऱ्या व्यक्तीनेच आपल्या शिकण्याची नोंद केली आहे. तिला काय कठीण गेले, कोणाचे बोलणे लागले, कशाने धीर आला, हे शिकवणाऱ्याला पुरते सांगता आले नसते.

शिकवणाऱ्याच्या बाजूने, म्हणजे पालकाच्या बाजूने, केलेल्या नोंदींचाही इतिहास मोठा आहे. चार्ल्स डार्विन यांचा मुलगा विल्यम १८३९ मध्ये जन्मला. तो केव्हा रागावला, कशाला भ्याला, केव्हा हसला, याची टिपणे पित्याने ठेवली. ती सदतीस वर्षे तशीच पडून राहिली आणि १८७७ साली, म्हणजे नरेंद्र रायपुरात आला त्याच वर्षी, ‘माइंड’ या नियतकालिकातील एका छोट्या लेखाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. बालमानसशास्त्राच्या आरंभीच्या लेखनात तो लेख आजही गणला जातो. पुढच्या शतकात जाँ पियाजे यांनी जॅकलीन, लुसियेन आणि लॉरेंट या आपल्या तिन्ही अपत्यांचे असेच निरीक्षण केले. समोरचे खेळणे कापडाखाली झाकले तर तान्हे मूल ते शोधत नाही, आणि काही महिन्यांनी तेच मूल कापड बाजूला सारून ते काढते. या साध्या घटनेतून दृष्टीआड झालेली वस्तू अस्तित्वात असते ही जाणीव मुलात हळूहळू घडते, असे त्यांनी दाखवले. दोघांनीही मुलाला शिकवण्यासाठी नव्हे, मूल समजून घेण्यासाठी लिहिले. नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक घराने ही वृत्ती त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे.

आता नोंदीत काय लिहावे, याचा विचार करू. याचे उत्तर एका वाक्यात देता येते: मुलाने काय केले आणि तो काय म्हणाला ते लिहावे, तो किती हुशार आहे ते लिहू नये. ‘आज बाळाने कमाल केली’ या वाक्यातून दहा वर्षांनी कोणालाही काही कळणार नाही. उलट, तीन-साडेतीन वर्षांचे मूल ‘मी चित्र करलं’ असे म्हणाले, एवढेच तारीख घालून लिहिले, तर त्या तीन शब्दांत मोठे ज्ञान साठलेले असते. ‘धर’चे ‘धरलं’ होते, ‘भर’चे ‘भरलं’ होते, मग ‘कर’चे ‘करलं’ का होऊ नये? मुलाने हा नियम कोणाकडून ऐकलेला नाही. तो त्याने स्वतः शोधला आहे. घरातील एकही माणूस ‘करलं’ म्हणत नाही, म्हणूनच ते अनुकरण नाही, ते मुलाचे अनुमान आहे. ‘झुरळ मरलं’ हाही त्याच शोधाचा दुसरा पुरावा. काही महिन्यांनी ‘केलं’ आणि ‘मेलं’ ही रूपे त्याच्या तोंडी येतील आणि ‘करलं’ विस्मरणात जाईल. ज्या घराने ते लिहून ठेवले त्याच घराला कळेल की, या मुलाने व्याकरण पाठ केले नव्हते, ते घडवले होते.

चूक नोंदवण्याचे मोल गणितात अधिकच प्रत्ययाला येते. दुसरीतले मूल ‘पंचेचाळीस’ ऐकून ५४ लिहिते आणि घरात ‘लक्ष कुठे असते?’ असा प्रश्न येतो. नोंदवही असेल तर पालक आठवडाभर अशा चुका एकापाठोपाठ एक लिहील, आणि मग त्याच्या ध्यानात येईल की मूल बेसावध नाही. मराठी संख्यानामांत एकक आधी आणि दशक नंतर उच्चारले जाते. ‘पंचेचाळीस’ या शब्दात पाच आधी ऐकू येतात. मूल कानाने जे ऐकते त्याच क्रमाने ते लिहिते. हिंदीतल्या ‘पैंतालीस’चीही तीच रीत आहे. याच अडचणीवर उपाय म्हणून महाराष्ट्रात २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत दिली गेली आणि तिच्यावर बराच वाद झाला. तो वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट निर्विवाद आहे: चुकीचे कारण कळले की रागाचे कारण उरत नाही. नोंद ठेवणारा पालक अधिक विद्वान होतो असे नाही, पण तो अधिक शांत होतो.

शिकणे पुस्तकापुरते नसते हे तर सर्वांनाच मान्य असते. मात्र लिहिण्याच्या वेळी पुन्हा पुस्तकच आठवते. छत्तीसगढात हरेलीच्या दिवशी मुले बांबूच्या गेडीवर चढून चालतात. पहिल्या दिवशी मूल भिंतीला धरून उभे राहते, दुसऱ्या दिवशी चार पावले टाकून पडते, चौथ्या दिवशी पाय ठेवण्याची जागा वितभर वर बांधून मागते. या चार दिवसांत तोल, धाडस, माप आणि स्वतःची कुवत ओळखणे हे चारही पाठ होऊन जातात. छेरछेराला दारोदार धान मागणाऱ्या मुलांत मिसळलेले मूल मोजणे, वाटून घेणे आणि नकार ऐकणे शिकते. हे पाठ कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येत नाहीत, म्हणून ते वहीत येणे अधिक आवश्यक आहे.

रायपूरसारख्या शहरातल्या मराठी घराला या वहीची आणखी एक गरज आहे, आणि ती भाषेची आहे. बिंबाजी भोसल्यांच्या काळापासून मराठी माणसे या प्रदेशात येत राहिली. कोणी राज्यकारभारासाठी, कोणी नोकरीसाठी, कोणी रेल्वेबरोबर, तर कोणी शिक्षक, वकील आणि वैद्य म्हणून. त्यांनी येथील भाषा आपलीशी केली. मातृभाषा मराठी असलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. दासबोध आणि गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेले. त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध याच रायपुरात गेला. त्यांचे उदाहरण सांगते की येथे मराठी आणि हिंदी या परस्परांच्या वैरिणी नाहीत. धोका हिंदीकडून नाही. धोका असा की, मराठी घरात बोलली जाते पण लिहिली जात नाही. ज्या भाषेत लग्नपत्रिकेपलीकडे काही लिहिले जात नाही, ती भाषा दोन पिढ्यांत बोलण्यातूनही ओसरू लागते. मुलगा शाळेत मराठी निबंध लिहितो, तो गुणांसाठी; परंतु मराठीत लिहिलेले वाचण्यासाठी कोणीतरी वाट पाहत आहे, हा अनुभव त्याला कोठे मिळतो? घरातील नोंदवही हा अनुभव देऊ शकते.

येथे एक सूचना आवश्यक आहे. वहीत मुलाचे शब्द जसेच्या तसे यावेत. रायपूर-नागपूरकडचे मूल ‘मला भूक लागून राहिली आहे’ असे म्हणेल. पुण्याच्या आत्याला ते ऐकून हसू येईल. पण ते वाक्य त्या मुलाच्या भूमीचे आहे. हिंदी, छत्तीसगढी आणि मराठी यांच्या शेजारातून ते उगवले आहे. प्रमाण मराठी शिकवण्याचे काम शाळा करीलच. वहीने ते वाक्य सुधारू नये. सुधारलेल्या वाक्यात मूल सापडत नाही.

आता ही वही कोणी वाचावी, हा प्रश्न. मुलांच्या शिकण्यात दूरच्या माणसाने सहभागी व्हावे ही कल्पना मराठीत नवी नाही. साने गुरुजींनी आपल्या पुतणीला, सुधाला, लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ अनेक घरांत वाचली गेली आहेत. फुलापाखरांपासून देशातल्या घडामोडींपर्यंत सारे त्या पत्रांत येते आणि मुलीला समजेल अशा भाषेत येते. आज पत्राची जागा भ्रमणध्वनीने घेतली आहे. प्रत्येक कुटुंबाचा व्हॉट्सॲप गट आहे आणि त्यावर नातवंडांची छायाचित्रे रोज येतात. त्याला उत्तर म्हणून फुलांची आणि टाळ्यांची चित्रे येतात. यात प्रेम आहे, यात शंका नाही. परंतु संवाद नाही. टाळी वाजली की गोष्ट संपते. मुलाचा प्रश्न पाठवला तर मात्र गोष्ट सुरू होते.

एक उदाहरण कल्पनेने उभे करून पाहावे. चौथीतली एक मुलगी हरेलीच्या दिवशी घरी येऊन विचारते, ‘शाळेजवळचे काका म्हणाले आज श्रावणातली अमावास्या. आपल्या कालनिर्णयात तर आषाढ लिहिलाय. मग खरं कोण?’ आईला उत्तर माहीत नाही. ती प्रश्न मुलीच्याच शब्दांत लिहिते आणि नागपूरला आजोबांकडे पाठवते. आजोबा दोन दिवस घेतात आणि मग लिहितात की, खरे दोन्ही आहेत. मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडच्या पंचांगात तो पौर्णिमेला संपतो. म्हणून शुक्ल पक्षात दोघांचा महिना एक असतो आणि कृष्ण पक्षात उत्तरेकडचे एक महिना पुढे असतात. मुलगी हे वाचते आणि स्वतःच पडताळा घेते: मग आपला श्रावण अमावास्येचा पोळा, तो येथे भादोचा पोरा कसा, तेही तिला उलगडते. मातीचे बैल तेच, अमावास्या तीच, महिन्याचे नाव निराळे. या एका नोंदीत मुलीचा प्रश्न आहे, आजोबांचे उत्तर आहे आणि मुलीने त्यापुढे टाकलेले पाऊलही आहे. आजोबांना आपण अजून कोणाच्या तरी उपयोगाचे आहोत हे कळले. मुलीला आईला न येणाऱ्या प्रश्नाचीही लाज नसते हे कळले. हीच खरी देवाणघेवाण.

बाहेरच्या जगातही याच दिशेने प्रयत्न झाले आहेत. न्यूझीलंडमध्ये मार्गारेट कार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाड्यांसाठी ‘लर्निंग स्टोरीज’ म्हणजे शिकण्याच्या गोष्टी लिहिण्याची पद्धत विकसित केली. मुलाला काय येत नाही याची यादी करण्याऐवजी त्याने काय केले याची छोटी गोष्ट शिक्षक लिहितो, ती मुलाला वाचून दाखवतो आणि घरच्या मंडळींना तीत भर घालायला सांगतो. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी बालशिक्षणाचा पाया घातला तो मुलाच्या निरीक्षणावरच. पुण्याहून १९८७ पासून निघणाऱ्या ‘पालकनीती’ मासिकाने पालकपण ही विचार करण्याची आणि लिहिण्याची गोष्ट आहे, हे मराठी घरांपुढे सातत्याने ठेवले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही प्रगतिपत्रक सर्वांगीण असावे, त्यात शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर मुलाचे स्वतःचे आणि सोबत्यांचे मूल्यमापन यावे आणि ते घर व शाळा यांना जोडणारा दुवा ठरावे, असे म्हटले आहे. शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण असावे, हेही त्याच धोरणात आहे. धोरणातला दुवा मात्र कागदावर राहू शकतो. घराकडे स्वतःची नोंद असेल तरच पालकसभेत पालक ‘माझ्या मुलाचे गुण कमी का?’ या प्रश्नापलीकडे जाऊन ‘तो घरी मापे घेण्यात रमतो, भागाकार त्या वाटेने शिकवता येईल का?’ असे विचारू शकेल. असा प्रश्न विचारणारा पालक लाभणे हे कोणत्याही शिक्षकाचे भाग्य होय.

आता चौथा आणि सर्वांत नाजूक प्रश्न: कोणाला दाखवू नये? ही वही कोणाची आहे, याचे उत्तर आधी द्यावे लागेल. लिहितो पालक, परंतु जीवन मुलाचे आहे. चार वर्षांच्या मुलाची फजिती गटावर पाठवली तर ते काही म्हणणार नाही. बारा वर्षांचे झाल्यावर तेच मूल समारंभात नातेवाइकांनी त्या फजितीची आठवण काढताच खाली मान घालून उभे राहील. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील व्यक्तीला मूल मानले आहे आणि मुलांच्या माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या संस्थांना पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घेणे बंधनकारक केले आहे. मात्र व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला वापर या कायद्याच्या कक्षेत येत नाही. म्हणजे मुलाच्या बाजूने परक्यांपासून रक्षण करायला कायदा उभा आहे. आपल्याच माणसांच्या उत्साहापासून रक्षण करायला घराच्या विवेकाशिवाय कोणी नाही.

या विवेकाचे काही साधे नियम सांगता येतात. मुलाचा रडतानाचा, आजारपणातला किंवा शिक्षा भोगतानाचा प्रसंग कोणालाही पाठवू नये. दुसऱ्या मुलाशी तुलना वहीत येऊ नये; भावंडांची तर कधीच येऊ नये, कारण पुढे दोघेही ती वही वाचणार आहेत. दुसऱ्याच्या मुलाचे नाव किंवा छायाचित्र त्या मुलाच्या पालकांना विचारल्याशिवाय नोंदीत घेऊ नये. शाळेचे नाव, वर्ग, येण्याजाण्याची वेळ आणि घराचा पत्ता एकाच ठिकाणी दिसेल असे काहीही कुटुंबाबाहेर जाऊ नये. आणि मूल लिहिलेले समजू लागले, साधारण सहा-सात वर्षांचे झाले, की पाठवण्यापूर्वी त्याला वाचून दाखवावे आणि ‘हे आजीला पाठवू का?’ असे विचारावे. ते ‘नको’ म्हणाले तर पाठवू नये. ‘नको’ हा शब्द मानला जातो, हे ज्या मुलाने घरात अनुभवले, ते मूल बाहेरच्या जगातही तो शब्द निर्भयपणे उच्चारू शकते. वहीतल्या इतर साऱ्या पाठांहून हा पाठ कमी महत्त्वाचा नाही.

आठवी-नववीच्या सुमारास वहीचा ताबा मुलाकडे जावा. त्याला हवे तर त्याने पुढे लिहावे, नको असेल ते पान फाडावे, न पटलेल्या नोंदीखाली आपले म्हणणे लिहावे. रमाबाईंच्या पुस्तकाचे सामर्थ्य शिकणारीने स्वतः लिहिण्यात होते; प्रत्येक वहीने अखेर तेथेच पोहोचायचे आहे. आई-वडिलांनी लिहिलेली पाने ही त्या लेखनाची प्रस्तावना होय.

या सर्वावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला वेळेचा. दोघेही नोकरी करणाऱ्या पालकांना रोज लिहिणे शक्य नाही, हे खरे आहे, आणि रोज लिहिण्याची गरजही नाही. आठवड्यातून एकदा, रविवारच्या चहाच्या वेळी, पाच ओळी पुरेत: तारीख, मुलाचे वय, काय घडले, मूल काय म्हणाले आणि एखादा न सुटलेला प्रश्न. वर्षाला पन्नासच्या आसपास नोंदी होतात. दहा वर्षांत पाचशे. एका बालपणाचा एवढा दस्तऐवज फार थोड्या माणसांच्या हाती असतो. दुसरा आक्षेप भाषेचा. अनेक पालकांचे शिक्षण हिंदीतून किंवा इंग्रजीतून झाले आहे. मराठी बोलता येते, पण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाची भीती वाटते. ही भीती बाळगू नये. देवनागरी हिंदीचीही लिपी आहे, त्यामुळे रायपुरातल्या पालकाला अक्षरे परकी नाहीत. चुकले तर मूलच एक दिवस ती चूक दाखवील, आणि आईची वेलांटी दुरुस्त करताना मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो व्याकरणाच्या कोणत्याही तासाला दिसत नाही. ज्यांना लिहिता येत नाही अशा आजी-आजोबांनी सांगावे आणि मुलांनी लिहून घ्यावे. तीही नोंदच होय.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे किंवा परदेशी आहेत. त्यांची मुले मराठी समजतात, परंतु वाचत नाहीत, अशी खंत पत्रांतून आणि भेटींतून व्यक्त होते. मुलाला मराठीचे पुस्तक आणून दिले की ते बाजूला ठेवते. पण ‘तू तीन वर्षांचा असताना काय म्हणालास ते यात लिहिले आहे’ असे सांगून वही पुढे केली, तर ती बाजूला ठेवणारे मूल विरळा. स्वतःविषयी लिहिलेले वाचावे यासारखी दुसरी ओढ नाही. त्या ओढीपोटी मूल अक्षरे लावू लागते. ज्या शाळेने साठ वर्षे या शहरातल्या मुलांना मराठी अक्षर दिले, त्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी ते अक्षर आपल्या घरात एवढ्या एका कामासाठी तरी चालते ठेवावे, ही अपेक्षा जास्त नाही.

शाळेकडे साठ वर्षांची हजेरीपत्रके आहेत, निकालपत्रके आहेत, दाखल्यांच्या नोंदी आहेत. कोण केव्हा आला, कोण केव्हा गेला, हे त्यांतून कळते. तो या वर्गांतून जाताना काय विचारत होता, कशाने थांबला आणि कशाने पुढे गेला, हे कोणत्याही नोंदवहीत नाही. ते घरांत होते आणि बहुतांश विरून गेले. पुढच्या वर्षांत तसे होऊ नये. येत्या रविवारी प्रत्येक घरात एक साधी, शंभर पानांची वही आणावी, पहिल्या पानावर मुलाचे नाव मुलाच्याच हाताने लिहवून घ्यावे, आणि त्या आठवड्यात त्याने विचारलेला एक प्रश्न, त्याच्याच शब्दांत, तारखेसह उतरवून ठेवावा.